उद्यान सर्वांचे : दिव्यांग मुलांच्या खेळण्याच्या हक्काविषयी

शहरातील बहुतेक ठिकाणी आपण काही कामानिमित्त जातो. दवाखान्यात उपचारासाठी, कचेरीत दाखल्यासाठी, बाजारात खरेदीसाठी, शाळेत शिक्षणासाठी. उद्यान हे मात्र असे ठिकाण आहे, की जेथे जाण्यासाठी कोणतेही काम असावे लागत नाही. तेथे मूल मुलांमध्ये मिसळते, झोक्यावर पाळी लावायला शिकते, पडते, उठते, भांडते आणि पुन्हा खेळू लागते. दिव्यांग मुलाच्या आयुष्यात अशा बिनकामाच्या जागा फार थोड्या असतात. त्याचा दिवस व्यायामोपचार, तपासण्या, प्रमाणपत्रे आणि शाळा यांत वाटला गेलेला असतो. त्याला घराबाहेर नेले जाते ते प्रामुख्याने त्याच्यात काही सुधारणा व्हावी म्हणून. केवळ आनंदासाठी नेले जाण्याचे प्रसंग विरळाच. या मुलांना आणि तरुणांना आपल्या वस्तीजवळच्या उद्यानात इतरांच्या बरोबरीने खेळता यावे यासाठी काय लागते, कायदा काय सांगतो आणि आंबिवलीसारख्या गावात आपण काय करू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, असे त्याने सांगितले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. परंतु तीन वर्षे कोणी त्याच्या पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. आजचे नगरपालिकेचे उद्यान ही अशीच सार्वजनिक राबत्याची जागा होय. या यादीत दिव्यांगत्वाचा उल्लेख नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती उणीव पुढील कायद्यांनी भरून काढली.

चवदार तळ्यावरील बंदी आणि उद्यानाच्या दारातील पायरी यांची तुलना सरसकट करणे योग्य ठरणार नाही. तेथे जाणीवपूर्वक लादलेली गुलामी होती; येथे बहुतेक वेळा केवळ विसर असतो. पायरी बांधणाऱ्या गवंड्याच्या मनात कोणाविषयी द्वेष नसतो. परंतु चाकाच्या खुर्चीतील मुलासाठी परिणाम तोच राहतो : जागा सर्वांची आहे असे फलक सांगतो, आणि दार मात्र त्याच्यासाठी उघडत नाही. कागदावरचे खुलेपण आणि प्रत्यक्षातले खुलेपण यांतील अंतर आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

कायद्याने दिलेला हक्क

खेळ हा चैनीचा विषय आहे, आधी उपचार व शिक्षण पाहावे, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची भूमिका वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा अनुच्छेद ३१ प्रत्येक बालकाचा विश्रांतीचा, खेळण्याचा व करमणुकीचा हक्क मान्य करतो. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीची संहिता २००६ मध्ये संमत झाली व भारताने २००७ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्या अनुच्छेद ३० मध्ये दिव्यांग बालकांना इतर बालकांच्या बरोबरीने खेळ व करमणुकीत सहभागी होता आले पाहिजे, असे स्वतंत्रपणे नमूद केले आहे.

या संहितेस अनुसरून आपल्या देशात ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ करण्यात आला व तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा ऱ्हास, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा अवस्थांचा त्यात समावेश आहे. कलम २९ अन्वये दिव्यांग व्यक्तींना सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत इतरांबरोबर समान सहभाग मिळावा यासाठी शासनाने व स्थानिक प्राधिकरणांनी उपाय योजावयाचे आहेत. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत करमणुकीच्या वास्तूही येतात. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात आणखी महत्त्वाचा निर्णय दिला. सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शनपर ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे न्यायालयाने ठरवले व बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. सुगमता ही कोणाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही, हा त्याचा सरळ अर्थ होय.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाख ६३ हजारांवर होती. ही गणना जुन्या, कमी प्रकारांवर आधारलेली होती. एवढी माणसे आपल्या बागांतून दिसत नसतील, तर त्या बागांच्या रचनेतच काही दोष आहे असे मानावे लागेल.

सुगम उद्यान म्हणजे नेमके काय?

सुगम उद्यान म्हटले की दारातील एक उतार आणि त्यावर रंगवलेले चाकाच्या खुर्चीचे चिन्ह एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. वस्तुतः उद्यानाचा विचार घराच्या उंबऱ्यापासून झोक्यापर्यंतचा एक सलग मार्ग म्हणून केला पाहिजे. या मार्गातील एक कडी तुटली तरी पुढच्या सर्व सोयी व्यर्थ जातात.

पहिली कडी प्रवेशद्वाराची. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून अनेक बागांच्या दारांत लोखंडी खांब रोवलेले किंवा फिरते फाटक बसवलेले असते. त्यातून चाकाची खुर्ची जात नाही. कुबड्या घेतलेल्या मुलालाही कष्ट पडतात. दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटीमीटर हवी. पायऱ्या असतील तर त्यांच्या शेजारी १:१२ या प्रमाणात उतार हवा. म्हणजे चढाव जितका, त्याच्या बारा पट लांबी. १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर, तर ४५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्यांना ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. जागा वाचवण्यासाठी केलेला खडा उतार धोक्याचा असतो. खुर्ची त्यावरून उलटू शकते.

दुसरी कडी आतल्या वाटेची. वाळू, खडी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांत खुर्चीची चाके रुततात. वाट सपाट, न घसरणारी आणि दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाऊ शकतील अशी, म्हणजे सुमारे १.८ मीटर रुंद असावी. वळण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा ठिकठिकाणी हवी. अंध मुलांसाठी उभार असलेल्या फरश्या बसवतात. त्यांवरील सरळ रेषा पुढे जाण्याची दिशा सांगतात, आणि गोल ठिपके पुढे पायरी, वळण किंवा अडथळा असल्याचा इशारा देतात. या फरश्या सरळ झाडाच्या बुंध्यावर किंवा विजेच्या खांबावर जाऊन थांबल्याचे चित्र अनेक शहरांत दिसते. तेव्हा लावणाऱ्याला त्यांचा अर्थच कळलेला नसतो. आपल्या कोकणपट्टीत पावसाळ्यात उतारावर शेवाळ धरते. ते नियमित घासून काढले नाही, तर उत्तम उतारही चार महिने निरुपयोगी होतो.

तिसरी कडी खेळण्यांची, आणि येथेच विषय खरा रंगतो. ज्या मुलाला पाठीचा आधार नसतो त्याला साध्या पाटीच्या झोक्यावर बसता येत नाही. उंच पाठ, बाजूंना आधार व छातीवर पट्टा असलेला झोका त्याला तो आनंद देऊ शकतो. पाळण्यासारखा मोठा गोल झोका असेल, तर त्यात दोन-तीन मुले एकत्र झोपून झुलू शकतात. जमिनीच्या पातळीत बसवलेल्या चक्रावर खुर्ची सरळ ढकलत नेता येते. घसरगुंडीला शिडीऐवजी उतार किंवा बसून सरकत चढता येईल असे रुंद टप्पे ठेवता येतात. वाळूचा हौद जमिनीत न ठेवता टेबलाच्या उंचीवर उचलला, की खुर्चीत बसलेले मूल इतरांबरोबर किल्ला रचू शकते. खेळण्यांखाली रबराचा मऊ थर असला, तर पडणाऱ्या प्रत्येक मुलाचा बचाव होतो आणि चाकेही सहज फिरतात. पत्र्याची घसरगुंडी मात्र वैशाखात तापून चटके देते. ज्या मुलाच्या पायांना संवेदना नाही त्याला भाजल्याचे कळतही नाही. म्हणून सावलीची योजना खेळण्याइतकीच महत्त्वाची आहे.

चौथी कडी इंद्रियांची. अंध मुलासाठी बाग ही रंगांची नसून गंध, स्पर्श व नाद यांची असते. कमरेइतक्या उंच वाफ्यांत तुळस, पुदिना, गवती चहा, ओवा, मोगरा अशी झाडे लावली, तर पान चुरगळून ओळखण्याचा खेळच तयार होतो. बांबूच्या नळ्या, घंटा, पाण्याची धार यांनी दिशा कळते. कर्णबधिर मुलांना मात्र दूरवर दिसणे महत्त्वाचे. आडोसे कमी असले की त्यांना खुणांच्या भाषेत दुरूनही बोलता येते. बौद्धिक दिव्यांग मुलांना चित्रमय फलक उपयोगी पडतात. स्वमग्न मुलाला गोंगाट व गर्दी असह्य झाली, तर थोडा वेळ टेकण्यासाठी शांत कोपरा हवा. आणि ते अचानक पळत सुटण्याची शक्यता असल्याने भोवती सलग कुंपण हवे. असे कुंपण असले की त्याच्या आईलाही घटकाभर बाकावर निर्धास्त बसता येते.

शेवटची कडी पाण्याची व स्वच्छतागृहाची. सुगम स्वच्छतागृह नसल्यास कुटुंब अर्ध्या तासात परत फिरते. मोठ्या वयाच्या मुलाचे कपडे बदलण्यासाठी लागणारी आडोशाची, आडवे करता येईल अशी जागा तर क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

वेळेचा प्रश्नही असाच दुर्लक्षित आहे. अनेक सार्वजनिक बागा सकाळी व संध्याकाळी उघड्या आणि दुपारी बंद असतात. विशेष शाळांना मुले घेऊन येण्यासाठी शाळेचीच वेळ सोयीची असते, आणि नेमके तेव्हा दाराला कुलूप असते. हा अडथळा दूर करण्यास एक पैसाही लागत नाही.

काही उदाहरणे

दिव्यांग मुलांच्या खेळाचा विचार जगात नवा नाही. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या इंग्लिश उद्यानरचनाकार बाईंच्या पुढाकाराने १९७० मध्ये लंडनच्या चेल्सी भागात दिव्यांग मुलांसाठी साहसी खेळांचे मैदान सुरू झाले. या मुलांना जपून ठेवण्यापेक्षा थोडी जोखीम घेऊ द्यावी, हा त्यामागील विचार होता. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान उघडले. गॉर्डन हार्टमन यांची दिव्यांग मुलगी मॉर्गन हिला इतर मुलांबरोबर खेळायचे होते, पण ती मुले तिच्याशी खेळेनात. त्या अनुभवातून हे उद्यान जन्माला आले. दिव्यांग व्यक्तींना तेथे प्रवेशशुल्क नाही. २०१७ मध्ये त्याला जोडून जलक्रीडेचे उद्यान झाले. तेथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या आहेत.

भारतात बंगळुरू येथील ‘किलिकिली’ ही दिव्यांग मुलांच्या पालकांनी उभी केलेली संस्था विशेष उल्लेखनीय आहे. तिने निराळे उद्यान मागितले नाही. कोल्स पार्कसारख्या महापालिकेच्या चालू उद्यानांतच महापालिकेच्या सहकार्याने समावेशक खेळण्याची जागा तयार करून घेतली. मुलांनाच विचारून खेळणी ठरवावीत, हा या कामाचा विशेष. चेन्नईच्या अण्णा नगर भागातील शांती कॉलनीतही महापालिकेने असे समावेशक क्रीडांगण केले आहे.

आपल्या राज्यात नागपूरच्या पारडी परिसरात ‘अनुभूती समावेशी पार्क’ची घोषणा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. सुमारे ९० हजार चौरस फूट जागा आणि सुमारे १२ कोटी रुपये खर्च अशी ही योजना असून तीत स्पर्श व गंधाची बाग, जलोपचार आणि विविध प्रकारच्या दिव्यांगांसाठी जुळवून घेतलेले खेळ यांचा समावेश आहे. ज्या नगरीत आपण दीक्षाभूमीच्या दर्शनास जातो, त्याच नगरीत हा प्रयत्न व्हावा, याचे समाधान वाटते.

तरीही एक प्रश्न उरतो. शहरात एक भव्य उद्यान झाले, तर दूरच्या वस्तीतले मूल तेथे वर्षातून एखाद्या वेळी सहलीला जाईल. खेळ ही रोजची भूक आहे. तिच्यासाठी चालत, खुर्ची ढकलत पोहोचता येईल अशी जागा हवी. शिवाय केवळ दिव्यांगांसाठी राखलेली बाग म्हणजे वेगळा पाणवठाच. आपल्या पूर्वजांना वेगळी विहीर देऊ करणारे अनेक होते. त्यांचा आग्रह सर्वांच्या तळ्याचा होता. उपचाराच्या खास सोयी मोठ्या केंद्रात असाव्यात. खेळ मात्र प्रत्येक वस्तीतल्या साध्या बागेत, सर्व मुलांच्या मध्येच व्हावा.

तरुणांचा विसर

सुगम उद्यानांची चर्चा बहुधा लहान मुलांपाशीच थांबते. मेंदूचा पक्षाघात असलेला मुलगा सोळा वर्षांचा झाला की झोका त्याला पुरत नाही, आणि पुरला तरी त्याला तो नकोसा होतो. त्याला हवे असतात समवयस्क मित्र, बसण्याचा कट्टा आणि एखादा खेळ. बोचिया हा चेंडू नेमका टाकण्याचा खेळ हालचालींवर कमी नियंत्रण असलेल्यांना बसून खेळता येतो. त्याला सपाट जागा व थोडे साहित्य पुरते. खुळखुळणाऱ्या चेंडूचे अंधांचे क्रिकेट तर आपल्या देशात लोकप्रिय आहे. बागांतील खुल्या व्यायामशाळेत खुर्चीत बसून हात चालवता येतील अशी दोन साधने बसवणे अवघड नाही. कट्ट्यांच्या रांगेत एका खुर्चीपुरती मोकळी जागा सोडली, तर तो तरुण घोळक्याच्या बाहेर न राहता घोळक्यात बसतो. दिव्यांग मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेच्या भीतीने घराचे दार आणखी लवकर बंद होते. पुरेसा प्रकाश, जागरूक रखवालदार आणि उघडी दृष्टी या गोष्टी त्यांच्यासाठी उताराइतक्याच आवश्यक आहेत.

करुणा आणि मुदिता

भगवान बुद्धांच्या श्रावक-श्राविकांत शरीराने वेगळी असलेली माणसे आपल्याला भेटतात. खुज्जुत्तरा ही कोसंबीच्या सामावती राणीची दासी, पाठीला कुबड असलेली. राणीला राजवाड्याबाहेर जाता येत नसे. खुज्जुत्तरा बुद्धांचे प्रवचन ऐकून येई व जसेच्या तसे राणीला आणि तिच्या सख्यांना सांगे. बहुश्रुत उपासिकांमध्ये बुद्धांनी तिला अग्रस्थान दिले; ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आल्याचे परंपरा मानते. लकुंटक भद्दिय स्थविर अतिशय बुटके होते. लोक त्यांची थट्टा करीत. मधुर स्वराच्या भिक्खूंमध्ये बुद्धांनी त्यांना श्रेष्ठ म्हटले. दोघांच्याही बाबतीत बुद्धांनी दया दाखवली नाही, गुण ओळखला.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आपण शिकतो व शिकवतो. दिव्यांग मुलाला पाहून समाजाच्या मनात करुणा सहज जागते. म्हणून अन्नदान होते, खुर्च्यांचे वाटप होते, त्याची छायाचित्रे निघतात. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाने आनंदित होणे. ती मात्र क्वचित दिसते. बाग ही मुदितेची जागा आहे. झोका उंच गेल्यावर खिदळणारे मूल पाहून ज्याला आनंद होतो, तो त्याच्या पायांकडे पाहत नाही. मदत मिळालेले मूल कृतज्ञ होते; खेळायला मिळालेले मूल बरोबरीचे होते. आणि त्याच्याबरोबर खेळणाऱ्या इतर मुलांना समतेचा जो धडा तेथे मिळतो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकाने देता येणार नाही.

आंबिवलीत काय करता येईल?

कल्याण-कसारा मार्गावर शहाडनंतरचे आपले आंबिवली स्थानक आणि शेजारचे मोहने हा कष्टकऱ्यांचा परिसर आहे. एनआरसी कारखान्याच्या भरभराटीचे दिवस या भागाने पाहिले आणि २००९ मध्ये तो बंद पडल्यानंतरची ओढाताणही सोसली. एका-दोन खोल्यांच्या घरात दिव्यांग मूल असते, तेव्हा खुर्ची फिरवायलाही जागा नसते. अशा कुटुंबासाठी सार्वजनिक बाग हेच अंगण.

आंबिवलीत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचे जैवविविधता उद्यान आहे. अशा निसर्गउद्यानातील किमान एक वाट सपाट व सलग ठेवणे, तिच्या कडेने हाताला धरण्यासाठी दोर किंवा कठडा लावणे, झाडांच्या नावांचे फलक ब्रेलमध्ये व मोठ्या अक्षरांत करणे, या गोष्टी आटोक्यातल्या आहेत. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. त्या निधीतून आपल्या प्रभागातील बागेसाठी मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही कार्यरत आहे.

मागणी नेमकी असली की ती टाळणे कठीण जाते. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी एका रविवारी मोजपट्टी घेऊन जवळच्या बागेत जावे. सोबत एखादे दिव्यांग मूल व त्याचे पालक असावेत. कारण अडथळे त्यांनाच प्रथम दिसतात. दाराची रुंदी, पायऱ्यांची उंची, वाटेतील खड्डे, स्वच्छतागृहाचे दार, उघडण्याच्या वेळा यांची नोंद करावी, छायाचित्रे काढावीत आणि कलमांच्या उल्लेखासह लेखी अर्ज प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी. आपल्या माजी विद्यार्थ्यांत कोणी अभियंता, कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी वेल्डिंगचे वा गवंडीकाम करणारे असतील. पाठीचा आधार असलेला झोका किंवा वाळूचे उंच टेबल बनवणे त्यांच्या हातचे काम आहे. खेळणे मजबूत व सुरक्षित असल्याची जाणकाराकडून खात्री मात्र करून घ्यावी.

आपल्या शाळेसारख्या निवासी शाळेचे पटांगण हेही या कामाचे आरंभस्थान होऊ शकते. सुटीच्या दिवशी परिसरातील दिव्यांग मुलांना ते खुले करावे, आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर खेळावे आणि खेळाचे नियम सर्वांना जमतील असे आपसांत ठरवावेत. मुले हे काम मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

पालकांना एक विनंती. आपले मूल दिव्यांग असेल, तर बाग सुगम होईपर्यंत त्याला घरी ठेवू नका. अडचण सोसूनही त्याला बाहेर आणा, कारण जे मूल दिसत नाही त्याच्यासाठी कोणी उतार बांधत नाही. आणि आपले मूल दिव्यांग नसेल, तर बागेत आलेल्या अशा मुलाकडे पाहून त्याला बाजूला ओढू नका; त्याला झोक्याची पाळी देण्यास सांगा. चवदार तळ्याचा ठराव लोकांच्या पावलांनी खरा झाला. बागेच्या दारावरील ‘सर्वांसाठी खुले’ हे शब्दही पावलांनी, कुबड्यांनी आणि चाकांनीच खरे होणार आहेत.